गुणाजी तांडेलाचा चौथा फेरा

भरडखोलच्या पुढच्या मोरीचा कठडा सुचिताच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला, तेव्हा तिला वाटलं, आबांनी मुद्दाम केलं. म्हातारा खोडकर होताच. सून शेजारी बसलीय, तिला जरा घाबरवून बघू, एवढ्यासाठी भरधाव गाडी कठड्याला घासत न्यायलाही त्यानं कमी केलं नसतं. तिनं दात-ओठ खाल्ले.

पण पुढच्याच वळणावर पिवळा झेंडा आला. पिवळा झेंडा म्हणजे पुढं काहीतरी अडलंय, वेग आवरा. तो धरणारा माणूस सुचिताच्या बाजूला, रस्त्याच्या अगदी कडेला उभा राहून दोन्ही हातांनी झेंडा नाचवत होता. गुणाजीचा पाय जरासुद्धा हलला नाही.

"आबा, झेंडा! झेंडा!"

"कुठं हाय?"

"मागं गेला की!"

गुणाजीनं आधी तिच्याकडं मान फिरवली, मग समोर, आणि तेवढ्यात चढावर आडवी बंद पडलेली एक करडी गाडी आली. ती मात्र त्याला दिसली. त्यानं दोनदा ब्रेक दाबला, कारण या गाडीचं एकदा दाबून भागत नसे, आणि चार हात अलीकडं गाडी कचकन थांबली. करड्या गाडीवाल्यानं कानाला हात लावून माफी मागितली. गुणाजी हसला. सुचिताला काही हसू आलं नाही. ज्याला समोरची गाडी दिसते आणि कडेला नाचणारा झेंडा दिसत नाही, त्याच्या डोळ्यांचं बिनसलंय हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

शर्यत होती जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची. पन्नास वर्षांच्या आतली गाडी चालायची नाही. बोर्ली पंचतनच्या मैदानातून सुटायचं, किनाऱ्याला उतरायचं, भरडखोल, शेखाडी करत दर्या उजव्या हाताला ठेवून जायचं, मग घाट चढून आतल्या रस्त्यानं परत बोर्लीला. असे चार फेरे. गाड्या एकेका मिनिटानं सुटत होत्या आणि ज्याचा चार फेऱ्यांचा एकूण वेळ कमी तो पहिला. प्रत्येक गाडीला दोन चालक, दोघांनी दोन-दोन फेरे मारायचे. कुठला फेरा कोणाचा ते आदल्या दिवशी लिहून द्यायचं आणि अदलाबदल फक्त बोर्लीच्या मैदानात करायची. वाटेत कुठं केली तर गाडी निकालातून बाद. दुसरा चालक शेजारी बसला तरी चालेल, न बसला तरी चालेल. सुचिता बसली होती, कारण ही गाडी वळणावर काय काय आवाज काढते ते ऐकायची तिला सवय होती.

गाडी तरी कसली म्हणावी! साठ वर्षांपूर्वी कोणा हौशी शेटनं मुंबईच्या गॅरेजात बनवून घेतलेली, लाल, दोन सीटची, बिनटपाची. शेट गेल्यावर त्याच्या काशीदच्या बंगल्यामागं नारळाच्या झापांखाली पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. गुणाजीनं त्या बंगल्याचा जनरेटर दुरुस्त करून दिला आणि बदल्यात ती मागून घेतली. होडीचं इंजिन तो डोळे मिटून खोलायचा, हे गावातलं जुनं कौतुक. सासरा आणि सून तीन वर्षं त्या गाडीच्या पोटात हात घालून होते. सुचिता रोज सकाळी भरडखोलची मासळी टेम्पोत भरून बोर्लीच्या बाजारात आणि तिथून माणगावला नेणारी. तिच्या हाताला स्टिअरिंग नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की या गाडीत बसलं की ती मासळीवाली उरत नसे. तिला ते फार आवडायचं आणि ते ती कुणाला बोलून दाखवत नसे.

पहिला आणि चौथा फेरा गुणाजीचा, मधले दोन सुचिताचे, असं लिहून दिलं होतं. त्यावर घरात चर्चाच झाली नव्हती. गुणाजी तांडेल होता. होडीचं सुकाणू ज्याच्या हातात आणि होडीवरच्या माणसांचा जीवही ज्याच्या हातात, तो तांडेल. होडी बंदरातून काढतो तांडेल आणि परत बंदरात घालतोही तांडेलच. मधे दर्यावर सुकाणू कोणीही धरावं.

पहिला फेरा संपला. बोर्लीच्या मैदानात गाडी शिरली तेव्हा माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती आणि गुणाजी नाकासमोर बघत होता. अदलाबदलीला तीन मिनिटं मिळायची. तो उतरला, गाडीला वळसा घालून निघाला आणि पाण्याच्या बादलीला पाय लागून धडपडला. बादली चांगली हिरवीगार होती, गुडघ्याएवढी.

सुचितानं त्याचा दंड धरला. "आबा, खरं सांगा. डोळ्यांना काय झालंय?"

"काय न्हाय गो. ऊन हाय."

"आबा!"

गुणाजीनं इकडंतिकडं बघितलं, म्हणजे मान पुरती फिरवून बघितलं. होडीवरची माणसं, बाळाजी आणि बाकीची, दोरीपलीकडं उभी राहून हात हलवत होती. त्यांच्यात सुचिताचा नवरा प्रीतमही होता. गुणाजीनं आवाज खाली आणला. "काचबिंदू हाय. पनवेलच्या डाक्तरनं सांगितला. समोरचा दिसतो झकास. कडंचा न्हाय दिसत. पायपातनं बघावा तसा."

"किती दिवस झाले?"

"वरीस झाला. गेला त्यो परत येत न्हाय म्हनतो. हाय तेवढा राखायचा, थेंब टाकून." मग त्यानंच तिचा हात घट्ट धरला. "कुनाला बोललीस तर माझं सुकानू गेलं. समजलं ना? माझ्या होडीवर उद्यापासनं कुनी पाय ठेवायचा न्हाय."

दुसऱ्या फेऱ्याची शिट्टी झाली. सुचिता उजव्या सीटवर बसली, गुणाजी डाव्या. गाडी मैदानाबाहेर पडली तेव्हा तिनं संतापानं गिअर हवा त्याहून जोरात हाणला. एक वर्ष! वर्षभर हा माणूस रोज होडी बाहेर काढतो आणि परत आणतो. भरडखोलच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. तिथून होडी घालताना एक हात इकडंतिकडं झाला तर तळ फाटतो. आणि त्या होडीवर तिचा नवरा असतो.

"आनि होडी?" ती इंजिनावर आवाज चढवून ओरडली. "होडी कशी घालता तुमी?"

"होडी घालायला डोळे कशाला लागतात?" गुणाजीही ओरडून म्हणाला आणि वर हसला. "मी उभा मागं. माझ्या फुडं केबिन. मना तसाबी खडक कधी दिसला न्हाय, तीस वर्षांत. नाळेवर प्रीतम उभा असतो. त्यो ओरडतो, मी फिरवतो. कानानं घालतो मी होडी. वर्षात एक ओरखडा न्हाय!"

ते खरं होतं. होडीची ही रीतच होती. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या टोकावरचा माणूस पाणी बघून ओरडतो, किती हात, कुठल्या बाजूला, आणि मागचा तांडेल प्रश्न न विचारता सुकाणू फिरवतो. त्यामुळं तांडेलाची नजर गेली तर ते कोणाला कळायचंही नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे चोरून वर्षभर खपलं नसतं.

सुचितानं पुढं काही विचारलं नाही. तिनं सगळा राग पायात उतरवला. भरडखोलची मोरी, शेखाडीची वळणं, दर्याला लागून जाणारा तो अरुंद रस्ता, जिथं उजव्या हाताला कठडाही नाही आणि खाली नुसते काळे दगड, ते सगळं ती अशी तोडत गेली की गुणाजी दोनदा "हळू गो, हळू" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असेल. घाटात तिनं एक हिरवी गाडी मागं टाकली. तिसऱ्या फेऱ्यात आणखी एक. रागात माणूस चुकतो म्हणतात, पण त्या दिवशी सुचिताचं एक वळण चुकलं नाही.

तिसऱ्या फेऱ्यानंतर मैदानात हर्षद फळ्याजवळ उभा होता. शर्यतीचा सगळा कारभार बोर्लीच्या या हर्षदकडं होता, डोक्यावर टोपी, हातात दोन घड्याळं आणि घसा बसलेला. त्यानं फळ्यावर आकडे लिहिले आणि दोरीपलीकडं एकच ओरडा झाला. लाल गाडी पहिली होती. पुण्याच्या एका डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीपेक्षा अकरा सेकंदांनी पुढं.

आता चौथा फेरा, म्हणजे गुणाजीचा.

हर्षद सहा पावलांवर होता. एक वाक्य बोलायचं, की यांना दिसत नाही, गाडी थांबवा. सुचितानं तोंड उघडलं होतं. पण खरं ते सांगायला हवं, आणि ते तिनं पुढं स्वतःलाही कधी नाकारलं नाही: तिला जिंकायचं होतं. फळ्यावर तिचं नाव सगळ्यात वर होतं. बोर्लीच्या बाजारात महिनाभर लोक तिला विचारत होते, "सुचिता, हा काय मासळीचा टेम्पो हाय काय?" आणि ते सगळे आता दोरीपलीकडं उभे होते. गुणाजी तर तिच्याआधीच उजव्या सीटवर बसून हातमोजे चढवत होता.

ती डाव्या बाजूनं आत बसली. "आबा, मी ओरडनार. तुमी मी सांगन तसं चालवायचं. एक शब्द उलट बोलायचा न्हाय."

"नाळेवरच्याला कोन उलट बोलतो?" गुणाजी म्हणाला.

शिट्टी झाली.

पहिली दहा मिनिटं सुचिताला आपण काय करतोय याचा विसर पडला, इतकं ते जमून गेलं. "डावीकडं कठडा, तीन हात. सरळ. सरळ. उजवीकडं दर्या, दोन हात जागा. आता फिरवा, अजून, अजून, सोडा." तिचा शब्द संपायच्या आत स्टिअरिंग फिरलेलं असायचं. विचारणं नाही, अडखळणं नाही. तीस वर्षं दुसऱ्याच्या आवाजावर लाकूड फिरवलेले हात होते ते. समोरचं तो बघत होता, कडेचं ती बघत होती आणि दोघं मिळून एकच माणूस गाडी चालवत होता. शेखाडीच्या खालच्या वळणावर लाट फुटून पाण्याचे थेंब दोघांच्या तोंडावर उडाले तेव्हा गुणाजी मोठ्यानं हसला, आणि सुचितालाही हसू फुटलं. तिला त्या क्षणी या म्हाताऱ्याबद्दल फार माया दाटून आली. तरी ओरडणं थांबवून चालणार नव्हतं.

घाट लागला. चढावर वळणं आखूड होती आणि झाडी रस्त्यावर आलेली. "डावीकडं झाड, दोन हात. फिरवा. सोडा. उजवीकडं दगड, जागा हाय." शेवटच्या मोठ्या वळणानंतर रस्ता सरळ झाला आणि सुचितानं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. अकरा सेकंदांचं काय झालं, तेवढंच तिला बघायचं होतं. डोळ्यांची एक उघडझाप फार तर.

मान वर केली तर डाव्या कडेला पांढरी गाडी उभी होती. बॉनेट उघडं, आतून वाफ येत होती. आणि पुण्याचे डॉक्टर पाण्याची बाटली घेऊन गाडीच्या आडून नेमके रस्त्यावर येत होते.

"उजवीकडं! उजवीकडं! माणूस!"

गुणाजीनं फिरवलं. गाडी उजव्या कडेच्या मातीवर चढली, मागची चाकं घसरली आणि काहीतरी फटकन वाजलं. डावा आरसा उखडून मागं लोंबायला लागला. सुचितानं मागं वळून बघितलं. डॉक्टर गवतात बसले होते, पाय पसरून, हातात अजून बाटली. मग त्यांनी दुसरा हात वर करून हलवला. काही लागलं नव्हतं. आरसा बाटलीला लागला होता. बाटलीच्या मागं वीतभर अंतरावर त्यांचं पोट होतं.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. सुचिता "सरळ, सरळ" म्हणत राहिली आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"लागला काय त्याला?" गुणाजीनं विचारलं.

"न्हाय."

"मग झाला की. पांढरी बंद पडली. आता बैलगाडीसारखी नेली तरी आपनच पयले."

हिशोब बरोबर होता, बाकीच्या गाड्या फळ्यावर कितीतरी खाली होत्या. आता घाई नव्हती. घाट संपला होता, बोर्ली पाच किलोमीटरवर होती. पण सुचिताच्या डोळ्यांपुढं रस्ता नव्हता, बोर्लीचा बाजार होता. शेवटचा अर्धा किलोमीटर बाजारातून जात होता. तिथं दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, अगदी चाकाला चिकटून, आणि दोरी फक्त मैदानात होती. पहिल्या तीन फेऱ्यांत ती माणसं दर फेऱ्याला एकेक पाऊल पुढं आलेली तिनं स्वतः बघितली होती. पोरं तर मोबाइल धरून रस्त्यातच वाकत होती. ती सगळी कडेला होती, आणि कडेचं या माणसाला काहीच दिसत नव्हतं. ती ओरडेल, पण कोणाकोणासाठी ओरडेल? आत्ता एकाच माणसासाठी ओरडायचं होतं आणि ती घड्याळ बघत होती.

"आबा, थांबवा गाडी."

"कशाला?"

"मी घेते. बाजारातनं मी नेते."

"आनि बाद होऊ?" गुणाजी उसळला. "तीन वर्षं काय झक मारली? मी सावकास नेतो. तू ओरड."

"आबा, बाजारात माणसं हायत. पोरं हायत."

"होडी बंदरात तांडेलच घालतो!" तो गरजला. "तीस वर्षांत मी कुनाच्या हातात न्हाय दिली. तू ओरड, मी घालतो."

समोर शेतांमधून गेलेला सरळ रस्ता होता, दीड-दोन किलोमीटर, रिकामा. भात कापून महिने झाले होते, माणूस नाही, गुरं नाहीत. सुचितानं दोन्ही बाजू नीट बघून घेतल्या. मग ती म्हणाली, "मी ओरडनार न्हाय आता."

आणि ती गप्प बसली.

गुणाजीला आधी ते खरं वाटलं नाही. "डावीकडं किती?" त्यानं विचारलं. ती बोलली नाही. "सुचे, डावीकडं किती हात?" इंजिनाचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. त्यानं मान डावीकडं फिरवून कडा शोधली, तोवर समोरचा रस्ता निसटला. मान समोर आणली, तोवर कडा गेली. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडलेली तिला दिसत होती. तिच्या ओठांवर शब्द येत होते, चार हात, आबा, चार हात जागा हाय, आणि ती ते दातांखाली दाबून धरत होती. हँडब्रेकवर तिचा हात होता. सासऱ्याशी इतकं निर्दय ती कधी वागली नव्हती आणि पुन्हा वागायची तिची छाती नव्हती.

"बोल गो," गुणाजी म्हणाला. तो हुकूम नव्हता.

ती बोलली नाही.

गाडीचा वेग उतरू लागला. चाळीस, तीस, मग माणूस चालतो तेवढा. शेवटी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली. कडा कुठं आहे ते माहीत नसल्यामुळं त्यानं ती कडेला घेतलीच नाही. इंजिन चालू ठेवून गुणाजीनं गिअर काढला. मग उतरला, गाडीच्या अंगावर हात फिरवत पुढून वळसा घालून आला आणि डाव्या बाजूला उभा राहिला. सुचिता आतल्या आत सरकून उजव्या सीटवर गेली.

"धर," तो म्हणाला.

"धरली," ती म्हणाली.

बाजारातून तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये नेली. माणसं खरोखरच चाकाला लागून उभी होती. एका बाईच्या कडेवरच्या पोरानं हात लांब करून गाडीच्या पत्र्याला लावला. लोक आधी ओरडत होते, मग कोण चालवतंय ते बघून एकेक गप्प झाला. मैदानात शिरेपर्यंत सगळं शांत झालं होतं.

हर्षद धावत आला. "अहो, चौथा फेरा गुणाजीकाकांचा होता ना? पांढरी बंद पडलीय, तुम्ही जिंकला होतात! वाटेत कशाला बदललात?"

सुचितानं हेल्मेट काढलं. होडीवरची माणसं दोरीखालून वाकून आत आली होती, सगळ्यांच्या पुढं बाळाजी, त्याच्यामागं प्रीतम. तिनं वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

"मला हौस आली," ती म्हणाली. "शेवटी मैदानात आपण घालावी असं वाटलं. आबा नको म्हनत होते. मीच हट्ट केला."

बाळाजीनं कपाळावर हात मारला. "जिंकलेली गाडी घालवलीस गो! पाच मिन्टांच्या हौसंपायी! तरी मी म्हनत होतो गुणाजीला, बायमानसाच्या हातात..." मागून कोणीतरी हसलं. फळ्याजवळच्या पोरानं लाल गाडीच्या नावावर ओली बोटं फिरवली. सुचिताचे कान तापले, पण ती खाली बघून हातमोजे काढत राहिली. चार दिवस बोलतील आणि विसरतील. सुकाणू गेलं तर परत येत नाही.

"तिनं न्हाय घेतली," गुणाजी म्हणाला.

तो अजून गाडीतच बसला होता. "आबा, राहू द्या," सुचिता म्हणाली. त्यानं हात वर केला.

"मी दिली. मना दिसत न्हाय, बाळाजी. दोन्ही कडंचा काय दिसत न्हाय. तू आता माझ्या कुठल्या बाजूला उभा हायस ते पन मी तुझ्या आवाजावरनं वळखतोय. वरीस झाला. पांढऱ्या गाडीच्या डाक्तरला मी मारला असता आज." तो थांबला. "वर्षभर तुमाला घेऊन मी असाच बंदरात येतोय. उद्यापासनं न्हाय येनार."

बाळाजीनं कपाळावरचा हात खाली घेतला. एक वर्ष रोज त्या होडीवर त्यानं निवांत विडी ओढली होती. मग प्रीतम पुढं आला आणि बापाच्या समोर, जिथं त्याला दिसेल तिथं, उभा राहिला.

"मला ठाऊक हाय, आबा."

"काय ठाऊक हाय?"

"डोळ्यांचं. गेल्या वर्षीच्या शिमग्यानंतरच्या पयल्या खेपेला धक्क्याचा खांब तुमच्या हाताशी आलेला आनि तुमी मला विचारलंत, खांब आला काय. तवापासनं ठाऊक हाय. आधी मी निस्ता खडक सांगायचो. तवापासनं समदं सांगतो. किती फिरवायचं, कवा सोडायचं, समदं."

सुचितानं मान वर केली. तिला वाटलं, हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर फेकून मारावं. ठाऊक होतं, आणि यानं बायकोला त्यांच्या शेजारी बसू दिलं! "प्रीतम," ती म्हणाली, आणि तिथंच थांबली. चौथ्या फेऱ्याला ठाऊक असून ती स्वतःच बसली होती. त्याला बोलायला तिला तोंड उरलं नव्हतं.

"बोलला का न्हायस?" गुणाजीनं विचारलं.

"काय बोलू? तांडेल तुमी."

गुणाजीनं मुलाच्या तोंडाकडं बघितलं. नजर तिथंवर पोचत होती. वर्षात एक ओरखडा न्हाय, असं तो दुसऱ्या फेऱ्यात ओरडून म्हणाला होता, ते सुचिताला आठवलं, आणि त्यालाही तेच आठवलं असावं.

"म्हंजे वरीसभर होडी तूच घालत व्हतास," तो म्हणाला.

हर्षद घड्याळं खिशात टाकून बाजूला झाला. पलीकडं कोणाची तरी गाडी मैदानात शिरत होती आणि लोक तिकडं वळले होते.

"भरती किती वाजता हाय उद्या?" गुणाजीनं विचारलं.

"साडेपाचला," प्रीतम म्हणाला.

"मग लवकर झोप," गुणाजी म्हणाला. उतरायला म्हणून त्यानं दाराची कडी चाचपडली. दोनदा हात भलतीकडं गेला, सगळ्यांच्या देखत, आणि त्यानं ते लपवलं नाही.